बिटातून साखर काढणारा आखार्ड

आमच्या घरचा वर्षाचा हिशेब उसाच्या बिलावर चालतो. बिल वेळेवर आले तर माझी फी भरली जाते. नाही तर वडिलांना सोसायटीची पायरी चढावी लागते. त्यामुळे साखर म्हणजे ऊस, हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. जगातील सुमारे पाचवा हिस्सा साखर बिटापासून होते हे कॉलेजात आल्यावर कळले, आणि त्या साखरेमागचा माणूस शोधताना मला फ्रान्झ कार्ल आखार्ड भेटला.

आखार्डचा जन्म १७५३ साली बर्लिनमध्ये झाला. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या लोकांचे हे घराणे. तरुणपणी तो रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यांच्या हाताखाली शिकला. बिटातील साखर आणि उसातील साखर एकच, हे मार्गग्राफ यांनी १७४७ साली दाखवून दिले होते. पण ते प्रयोगशाळेपुरतेच राहिले. युरोपची साखर तेव्हा वेस्ट इंडिजच्या मळ्यांतून येई. तेथे गुलाम राबत, आणि गरिबाला तर ती साखर औषधालाच परवडे.

१७८२ साली गुरू वारले. त्यांची बर्लिन अकादमीतील जागा आखार्डकडे आली आणि त्यांचे अपुरे कामही त्यानेच उचलले. बर्लिनजवळच्या आपल्या शेतावर त्याने निरनिराळ्या जातींची बिटे लावली, त्यांचा रस तपासला आणि गोड निघतील त्यांचेच बी राखले. शेवटी पांढऱ्या सालीचे, पांढऱ्या गराचे बीट त्याने निवडले. आजच्या साखरबिटाचे मूळ ते हेच.

१७९९ साली त्याने आपली साखर प्रशियाच्या राजापुढे ठेवली. राजाने कर्ज दिले. त्या पैशातून आखार्डने सायलेशियातील कुनर्न गावी जमीन घेतली. १८०२ साली तेथे बिटसाखरेचा जगातील पहिला कारखाना सुरू झाला. उतारा मात्र शेकडा चारच्या आसपास! प्रयोग फसला असे जाहीर करावे म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला मोठी रक्कम देऊ केली आणि त्याने ती नाकारली, असे सांगतात.

पण नशिबाने साथ दिली नाही. युद्धाच्या धामधुमीत, १८०७ साली, कारखाना जळाला. आखार्डने त्यानंतर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि इतरांना हे तंत्र शिकवले. तिकडे इंग्रजांशी व्यापार बंद झाल्याने नेपोलियनला साखर हवी होती. १८११ साली त्याने फ्रान्समध्ये बीट लावण्याचा हुकूम काढला आणि धंदा वाढला तो तेथे. आखार्ड १८२१ साली कुनर्नलाच गरिबीत वारला.

त्याच्या बिटाची वाटचाल मात्र थांबली नाही. निवड करत करत साखरेचे प्रमाण शेकडा सोळा-सतरावर गेले. तरी एक दुखणे उरले, ते तणाचे. लहानपणी बीट हळू वाढते. तण त्याला झाकून टाकते आणि खुरपणीला माणसे फार लागतात. यावर शास्त्रज्ञांनी मातीतील एका जिवाणूचे जनुक बिटाच्या पेशीत घातले. तणनाशक ग्लायफोसेट वनस्पतीचे एक एन्झाइम बंद पाडते. या जनुकाचे एन्झाइम मात्र बंद पडत नाही. म्हणून तण मरते, बीट जगते. अमेरिकेत २००५ साली त्याला परवानगी मिळाली आणि २००८ पासून त्याची लागवड झपाट्याने पसरली. पर्यावरणाची तपासणी अपुरी झाली म्हणून कोर्टाने २०१० साली परवानगी रद्द केली. २०१२ साली ती पुन्हा मिळाली. दुसरीकडे त्या औषधालाही न जुमानणारी तणे शेतात दिसू लागली आहेत.

मी वाणिज्यचा विद्यार्थी. ताळेबंद मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आखार्डचा मांडला तर नावे बाजूला कर्ज, आग आणि गरिबी. जमेला फक्त मूठभर बी. पण ते बी त्याने विकत घेतलेले नव्हते; स्वतःच्या शेतात स्वतः निवडलेले होते. आज जनुक घातलेले बी कंपनीच्या पेटंटखाली येते आणि शेतकऱ्याला ते घरी राखता येत नाही. खुरपणीचा खर्च वाचला हे खरे, पण बियाण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. उद्या आमच्या उसाचे असे बियाणे आले तर वडील मला विचारतील. तेव्हा खुरपणीत किती वाचले एवढे सांगून भागणार नाही. बियाण्याचा मालक कोण, हेही त्यांना सांगावे लागेल.