गिऱ्हाईक परत पाठविणारा दुकानदार

धंद्याला बरकत यावी म्हणून प्रार्थना करणारे बंधुभगिनी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु धंद्याला फार बरकत येऊ लागली म्हणून ज्याच्या जिवाला घोर लागला, असा दुकानदार विरळाच. जॉन वूलमन हे तसे होते.

त्यांचा जन्म 19 ऑक्टोबर 1720 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तेव्हा ही इंग्रजांची वसाहत होती. तेरा भावंडांत जॉन चौथा. आईबाप क्वेकर पंथाचे. ह्या पंथाच्या उपासनेत, त्या काळच्या रीतीप्रमाणे, ठरलेला पाळक नसे. सर्वजण शांत बसून देवाच्या आत्म्याची वाट पाहत आणि ज्याला प्रेरणा होई तो उठून बोले. मनातला बारीक आवाज ऐकण्याची सवय जॉनला तेथेच लागली.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना त्याच्या बालपणाची एक गोष्ट उपयोगी पडेल. वाटेने जाताना त्याला घरट्यावर बसलेली रॉबिन पक्षीण दिसली. आपली पिले वाचविण्यासाठी ती भोवती घिरट्या घालू लागली. ह्याने गंमत म्हणून दगड मारले आणि एक वर्मी लागून ती मेली. क्षणभर मौज वाटली. मग लक्षात आले की आता पिले उपाशी तडफडून मरणार. शेवटी झाडावर चढून त्याने पिलांनाही मारून टाकले. आपल्या एका दगडाने किती जीव जातात, हे तो पुढे जन्मभर विसरला नाही.

एकविसाव्या वर्षी शेत सोडून जॉन माउंट हॉली गावातील एका दुकानात हिशेब ठेवण्यास व माल विकण्यास राहिला. एके दिवशी मालकाने आपली एक निग्रो गुलाम स्त्री विकली आणि विक्रीखत लिहिण्यास जॉनला सांगितले. घेणारा बाहेर खोळंबला होता, आणि तो आपल्याच पंथातील एक वृद्ध गृहस्थ. मालकाचा हुकूम, वडीलधारा ग्राहक, वर्षाच्या पगारावर राहिलेला चाकर! जॉनने खत लिहून दिले. परंतु दोघांच्या देखत बोलूनही दाखविले की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. बोलल्यामुळे मन थोडे हलके झाले, पण पुरते नाही. मुळात नकारच द्यायला हवा होता, ही टोचणी राहिली. पुढे दुसऱ्या एका तरुणाने असेच खत लिहून मागितले, तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटले.

त्याच मालकाच्या पदरी असलेल्या शिंप्याकडून ते शिवणकाम शिकले आणि पुढे स्वतंत्र झाले. आधी शिवणकामाला लागणारे किरकोळ साहित्य विकत, मग कापडही ठेवू लागले. माल चोख, बोलणे खरे, गिऱ्हाईक वाढले. 1749 मध्ये सेरा एलिस यांच्याशी विवाह झाला, मुलगी झाली. दरवर्षी उलाढाल वाढत होती आणि मोठा व्यापारी होण्याचा रस्ता समोर मोकळा दिसत होता.

नेमके येथेच त्यांचे पाऊल अडखळले. दुकानात खोटेपणा होता म्हणून नव्हे. वजनमापे खरी होती. परंतु त्यांनी उधारीच्या वहीकडे निराळ्या नजरेने पाहिले. गरीब माणसे ऐपतीबाहेरच्या, गरजेच्या नसलेल्या, केवळ दिखाऊ वस्तू उधार नेतात. मग देणे फिटत नाही, प्रकरण कोर्टात जाते, घर बुडते. असल्या वस्तू विकताना त्यांचे मन कचरू लागले, आणि तसे गिऱ्हाईक आले की महाग माल नको, साधा घ्या, असे ते सांगू लागले. शिवाय व्यापाराच्या रगाड्यात आपल्या मनाची शांतता हरपत चालली आहे, हेही त्यांनी ओळखले. थोडक्यात भागते, आणि ते थोडके तर हाती आहेच. मग आणखी कशासाठी?

1756 च्या सुमारास त्यांनी दुकान हळूहळू आवरले. अमुक मालासाठी आता दुसऱ्या दुकानात जा, असे गिऱ्हाइकांना आगाऊ सांगून ठेवले. हाताखाली एकही उमेदवार न ठेवता ते एकटे शिंपीकाम करू लागले आणि सफरचंदाच्या झाडांची निगा राखू लागले.

आजच्या व्यापाराला ही गोष्ट वेडेपणाची वाटेल. आज धंदा मागील वर्षापेक्षा वाढला नाही तर तो आजारी समजतात. नको असलेली वस्तू हवीशी वाटावी म्हणून जाहिराती, आणि खिशात पैसा नसला तरी ती नेता यावी म्हणून हप्ते. हप्ता थकला की घेणाऱ्याला दोष देतात. विकणाऱ्याला कोणी विचारीत नाही. लूककृत शुभवर्तमानातील त्या धनवानाने कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत केला, तोही आजच्या हिशेबाने उत्तम व्यवस्थापकच ठरेल!

दुकान सुटल्यामुळे वूलमन यांना गावोगाव उपदेशास जाण्यास सवड मिळाली. गुलामांच्या मालकांवर ते जाहीर सभेत तुटून पडले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून बोलले. एकदा एका जखमी शेजाऱ्याने त्यांना मृत्युपत्र लिहिण्यास बोलाविले. त्यांनी सर्व लिहिले, फक्त गुलाम मुलगी वारसाला देण्याचे कलम सोडले आणि कारण प्रेमाने सांगितले. शेजाऱ्याने त्या मुलीला मुक्त करण्याचे कबूल केले. 1757 च्या दक्षिणेकडील प्रवासात गुलामांनी राबून केलेला पाहुणचार ते फुकट घेत नसत. निघताना त्या गुलामांसाठी चांदीची नाणी देत. यजमान ओशाळत असतील, देणाऱ्यालाही ते जडच जाई. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या भेटीसाठी जी माणसे नेमली, त्यांत वूलमन होते. 1776 मध्ये त्याच सभेने आपल्या लोकांना गुलाम बाळगण्यास पूर्ण मनाई केली. ते पाहण्यास वूलमन राहिले नव्हते.

पण मला सर्वांत अधिक चटका लावतो तो त्यांचा जुना हिशेब. फार पूर्वी एका मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून, दुसऱ्या एकासह, त्यांनी एका निग्रो मुलाची चाकरी तिसाव्या वर्षापर्यंत विकली होती. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. तरी पुढे त्यांना वाटले की एकविसाव्या वर्षानंतरची नऊ वर्षे ही त्या मुलाची चोरीच होय. दोघा व्यवस्थापकांपैकी आपला वाटा अर्धा. म्हणून साडेचार वर्षांच्या मजुरीची भरपाई करण्याचे लेखी बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. जक्कयाने चौपट देण्याचे कबूल केले ते प्रभू समोर उभा असताना. येथे कोणी मागायलाही आले नव्हते.

त्यांच्या मते अन्यायाचे मूळ एकच होते. थोड्यांना चैन हवी म्हणून पुष्कळांना बेसुमार राबावे लागते. सर्वांनी बेताने राहावयाचे ठरविले तर बेताच्या कष्टांत सर्वांचे भागेल. आपल्या घरातील सामान व अंगावरील वस्त्रे तपासून त्यांत लढाईचे बीज तर दडलेले नाही ना, हे पाहावे, असे त्यांनी श्रीमंतांना विनविले. हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1793 मध्ये छापला गेला. स्वतः त्यांनी रंगविलेले कपडे व टोपी सोडून बिनरंगी वस्त्रे धरली, कारण रंगाने मळ झाकला जातो आणि खर्च वाढतो. काही मित्रांना हे सोंग वाटले. इतके टोक आपल्याला झेपणार नाही, हे खरेच.

1772 मध्ये ते जहाजाने इंग्लंडला निघाले. वरच्या खोल्यांवरील नक्षीकामाचा खर्च भाड्यात असतो हे कळल्यावर त्यांनी तेथे जागा घेतली नाही; खाली खलाशांत, दमट कोंदट हवेत प्रवास केला. इंग्लंडात त्यांनी मजुराची रोजी आणि धान्याचा भाव यांची टिपणे ठेवली. टपालगाड्या दिवसरात्र शंभर मैल धावविण्यापायी घोडे मरतात आणि गाड्यांवरची मुले हिवाळ्यात गारठून जातात, असे ऐकल्यावर त्यांनी त्या गाडीत बसणेच नव्हे, तिच्यातून पत्र पाठविणेही सोडले. मग पायीच उत्तरेकडे निघाले.

यॉर्क येथे देवी येऊन 7 ऑक्टोबर 1772 रोजी त्यांचे निधन झाले. अंतकाळी त्यांनी पेटीविषयी सूचना दिली होती: अगदी साधी, अ‍ॅश लाकडाची करावी, नक्षी काही नको. आणि पेटीचा व कबर खणण्याचा खर्च कोणावर पडू नये म्हणून आपले अंगावरचे कपडे त्या मोबदल्यात द्यावेत.