माल देणाऱ्याचाही हक्क जपणारे इमाम

सुमारे तेराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. इराकमधल्या कुफा शहरातल्या एका कापडाच्या दुकानात एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला आली. तिने 100 दिरहम मागितले. दुकानदाराने वस्त्र हातात घेऊन नीट पाहिले आणि त्याची किंमत याहून जास्त असल्याचे तिला सांगितले. तिने 100 वाढवले. तरी दुकानदाराचे म्हणणे तेच. असे करत ती 400 वर पोहोचली, तेव्हा हा माणूस आपली थट्टा करतो आहे असे तिला वाटले. मग दुकानदाराने तिला एखादा जाणकार माणूस आणायला सांगितले. त्या माणसासमोर भाव ठरला आणि वस्त्र 500 दिरहमला विकत घेतले गेले.

हे दुकानदार म्हणजे नोमान बिन साबित. जग त्यांना इमाम अबू हनीफा या नावाने ओळखते. इस्लामी कायद्याच्या चार प्रमुख सुन्नी परंपरांपैकी हनफी परंपरा त्यांच्या नावाने चालते. महाराष्ट्रात कोकणातले मुस्लिम बहुतेक शाफई आहेत, तर देशावरचे बहुतेक हनफी. नमाज, रोजा, जकात यांच्या बारीकसारीक नियमांत त्यांचे नाव रोज निघते. पण हा मोठा विद्वान पोटापाण्यासाठी कापड विकत होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म इ.स. 699 मध्ये कुफ्यातच झाला. आजोबा मूळचे काबूलकडचे, वडील साबित कापडाचे व्यापारी. रेशीम आणि लोकर मिसळून विणलेल्या ‘खज’ नावाच्या तलम कापडाचा हा धंदा तरुण नोमान यांनी हाती घेतला. शहरातल्या अम्र बिन हुरैस यांच्या वाड्यात त्यांचे दुकान होते. कापड तयार करणारे कारागीर आणि मजूरही त्यांच्याकडे कामाला असत. एकदा शाबी नावाच्या ज्येष्ठ विद्वानांनी या हुशार तरुणाला बाजाराकडे जाताना पाहिले आणि विद्वानांच्या संगतीत बसण्याचा सल्ला दिला. तो सल्ला त्यांच्या मनाला लागला. पुढे हम्माद या गुरूंजवळ ते 18 वर्षे शिकले, पण दुकान बंद केले नाही.

धंद्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्याचे सगळे लक्ष गिऱ्हाइकावर असते. माल देणाऱ्याकडे तो केवळ भाव पाडण्याच्या नजरेने पाहतो. गरजवंताला अक्कल नसते, असे म्हणत अडलेल्याकडून पडत्या भावात माल उचलणे ही बाजारात हुशारी समजली जाते. अबू हनीफांनी हा हिशेब उलटा मांडला. विकणाऱ्याला आपल्या मालाची किंमत कळत नसेल, तर ती सांगणे हे घेणाऱ्याचे काम, असे त्यांनी मानले. त्या स्त्रीला जाणकार माणूस आणायला सांगण्यात याचे मर्म आहे. दुकानदाराच्या चांगुलपणावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवावा, असेही त्यांना नको होते. तिच्या बाजूने बोलणारा कोणी तरी समोर हवा होता. बाजाराला येणाऱ्या खेडुताला वाटेतच गाठून, शहरातला भाव कळण्याआधी त्याचा माल स्वस्तात घेण्याला पैगंबरसाहेबांनी मनाई केली होती. त्याच शिकवणीचा हा दुकानातला अर्थ होता.

गिऱ्हाइकाशीही त्यांची रीत वेगळी नव्हती. एकदा एका वृद्ध स्त्रीने खरेदीच्या भावात कापड मागितले. त्यांनी 4 दिरहम सांगितले, तेव्हा म्हातारीची चेष्टा करू नका म्हणून ती रागावली. त्यांनी हिशेब समजावला. दोन वस्त्रे एकत्र घेतली होती, त्यातले एक विकून 4 दिरहम सोडून सगळे भांडवल वसूल झाले होते. उरलेले वस्त्र त्यांना 4 दिरहमलाच पडले होते.

खरी परीक्षा झाली ती भागीदाराच्या बाबतीत. हफ्स नावाच्या भागीदाराकडे त्यांनी विक्रीसाठी माल पाठवला. त्यातल्या एका कापडात दोष होता. विकताना तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, असे बजावून सांगितले होते. हफ्स विसरले आणि सगळा माल विकून मोकळे झाले. दोषाचे कापड कोणाकडे गेले, तेही आठवेना. पैसे परत करायला गिऱ्हाईकच सापडत नव्हते. तेव्हा अबू हनीफांनी त्या मालाची सगळी रक्कम दान केली. काही चरित्रकारांनी ती 30 हजार दिरहम असल्याचे नोंदवले आहे. त्यानंतर त्यांनी भागीदारीही संपवली. एका ठाणातल्या दोषासाठी एवढा तोटा सोसणारा व्यापारी त्या काळीही विरळाच होता.

बाजारात रोज बसल्यामुळे त्यांच्या कायद्यातही बाजार दिसतो. पैसे आधी देऊन माल नंतर घेण्याच्या व्यवहाराला ‘सलम’ म्हणतात. यात कारागिराला किंवा शेतकऱ्याला हातात भांडवल मिळते. हा व्यवहार भांडणाचे मूळ होऊ नये म्हणून मालाचा प्रकार, प्रत, माप, मुदत, रक्कम आणि माल पोहोचवण्याची जागा आधीच ठरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पूर्ण रक्कमही बैठक मोडण्याआधी द्यायची. माल ठरवून पैसे अडकवून ठेवणाऱ्याला त्यात जागा नव्हती. दुसरीकडे, न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क त्यांनी घेणाऱ्याला दिला. दोन्ही बाजूंना आपले माप आधीच ठाऊक असेल, तर व्यवहार पुन्हा पुन्हा होतो.

त्यांचा माल बगदादला जाई, तिथून दुसरा माल कुफ्याला येई. वर्षभराचा नफा साठवून ते विद्वानांना धान्य, कपडे आणि उरलेली रोख रक्कम देत. आभार मात्र अल्लाहचे मानायला सांगत, कारण हा पैसा आपला नाही असे ते मानत. अबू यूसुफ हे त्यांचे गरीब घरातले शिष्य. त्यांचे शिक्षण पैशांअभावी सुटू नये म्हणून इमामांनी त्यांना मदत केली. पुढे तेच अबू यूसुफ खिलाफतीचे मुख्य न्यायाधीश झाले.

या दुकानाने इमामांना आणखी एक गोष्ट दिली. त्यांची चूल दरबाराच्या पैशावर पेटत नव्हती. उमय्या राजवटीच्या सुभेदाराने पद देऊ केले, ते त्यांनी नाकारले आणि फटके खाल्ले. नंतर अब्बासी खलिफा मन्सूर यांनी न्यायाधीशपद पुढे केले, तेही नाकारले. त्यासाठी कैद भोगली. इ.स. 767 मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. ‘इमाम-ए-आझम’ या त्यांच्या पदवीवरून बगदादच्या त्या भागाला आजही आझमिया म्हणतात.

रमजानमध्ये अनेक व्यापारी दुकानातल्या मालाची मोजदाद करून अडीच टक्के जकात काढतात. ईदच्या खरेदीने बाजारही फुलतो. नफ्याचा हिशेब याच दिवसांत होतो. त्या वहीत माल देणाऱ्या विणकराचे, कारागिराचे, शिवणकाम करणाऱ्या बाईचे काही देणे राहिले आहे का, हा प्रश्नही अबू हनीफांच्या दुकानातलाच आहे. 100 मागणाऱ्या त्या स्त्रीला 100 दिले असते, तर कोणी त्यांना चोर म्हटले नसते. त्यांना मात्र तेवढे पुरेसे वाटले नाही.