हिप्परग्याचे संन्यासी : स्वामी रामानंद तीर्थ

जगात मते अनेक आहेत आणि ती असणारच. मतभेदामुळे समाज मोडत नाही. "माझे मत ते सत्य, म्हणून दुसऱ्यावर माझा अधिकार" असा विकल्प मनात शिरला की समाज मोडतो. विकल्पातून द्वेष, द्वेषातून हिंसा, आणि हिंसेतून पुन्हा नवा विकल्प, असे हे चक्र फिरत राहते. मराठवाड्याने हे चक्र १९४८ साली प्रत्यक्ष पाहिले. त्या काळात ज्या पुरुषाने राज्यसत्तेशी झुंज दिली, परंतु कोणत्याही समाजाशी वैर धरले नाही, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे. ते आपल्या मार्गाचे नव्हते. परंतु सद्गुण जेथे दिसेल तेथे तो पाहावा, हे साधकाला शोभणारेच आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. १९२० साली लोकमान्यांच्या निधनाची वार्ता कळताच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचा आणि देशसेवेचा निश्चय केला. असहकाराच्या चळवळीत सरकारी शिक्षण सोडून त्यांनी राष्ट्रीय शिक्षण घेतले. पुढे कामगारांचे नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केले. १९२९ मध्ये ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले.

ही शाळा १९२१ साली एका लहानशा खेड्यात निघाली होती. शिक्षणाची साधने अपुरी आणि निजामी राजवटीचा संशय कायमचा, अशा स्थितीत तेथे विद्यादान चाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना येथेच लाभले. येथेच १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास म्हणजे समाजाकडे पाठ फिरवणे नव्हे. जात, घर आणि स्वार्थ यांचा पाश तोडून सर्वांचे होणे, असा अर्थ त्यांनी आपल्या आचरणाने लावला. १९३५ नंतर मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू आणि राजा मुसलमान होता. एवढ्याने कलह होत नाही. राजा प्रजेहून भिन्न धर्माचा असल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु १९२७ मध्ये स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेतून पुढे अशी मान्यता पसरली की, राज्याचे स्वामित्व तेथील मुसलमान समाजाकडे आहे आणि निजाम हा त्याचे केवळ प्रतीक आहे. दरिद्री मुसलमानालाही आपण राजे आहोत असे वाटू लागले आणि शेजारी प्रजा ठरला. त्याच्या पदरात मात्र काहीच पडले नाही. या मान्यतेचे टोक म्हणजे रझाकार संघटना. तिचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील होता, आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते.

१९३८ साली स्टेट काँग्रेसची स्थापना होत असतानाच निजाम सरकारने तिला जातीय ठरवून तिच्यावर बंदी घातली. स्वामीजी सत्याग्रहात उतरून कारागृहात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदुमहासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. लोकशाही हक्कांचा लढा धार्मिक लढ्यात मिसळू नये म्हणून डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. जोर वाढत असताना पाऊल मागे घेणे सोपे नव्हते. परंतु साध्य शुद्ध राहावे म्हणून मिळणारे बळही सोडावे लागते, हा विवेक त्यात होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकविला आणि ते पकडले गेले. नंतर थोडा काळ सुटका झाली आणि १९४८ च्या आरंभी पुन्हा कारावास आला. बाहेर रझाकारांचे अत्याचार वाढत होते. त्या अत्याचारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. ते मुसलमान होते, हे विसरता कामा नये. आपल्याच लोकांना त्यांचा विकल्प दाखवून देणाऱ्याला सर्वाधिक मोल द्यावे लागते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गला आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. परंतु मुक्तीच्या मागोमाग सूडही आला. केंद्र सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षअखेर संस्थानात फिरून पाहणी केली. त्या काळात आणि त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद एक होता. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. मारल्या गेलेल्यांत रझाकारांशी संबंध नसलेली कितीतरी निरपराध माणसे होती. राज्य पालटले, पण मान्यता पालटली नाही. तिने फक्त बाजू बदलली. कालपर्यंत एकाचा धर्म अधिकाराचे कारण होता, आज दुसऱ्याचा धर्म अपराधाचे कारण ठरला. मात्र त्याच समितीने आणखी एक गोष्ट नोंदविली : अनेक ठिकाणी मुसलमान विणकरांचे रक्षण त्यांच्या हिंदू व्यवसायबंधूंनी केले. ज्यांचे हात एकाच उद्योगात गुंतलेले होते, त्यांच्यात विकल्पाला शिरकाव मिळाला नाही.

मुक्तीनंतर स्वामीजी लोकसभेवर दोनदा निवडून गेले. परंतु सत्तेचे पद त्यांनी स्वीकारले नाही. संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे, हे मत मांडताना त्यांनी तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांत वैर वाढविले नाही. पुढे राजकारण सोडून ते भूदान, खादी आणि शिक्षण यांत रमले. नांदेडचे पीपल्स कॉलेज ज्या संस्थेने १९५० मध्ये काढले, ती त्यांच्याच प्रेरणेने उभी राहिली. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून तीन उपाय हाती लागतात. पहिला, अन्यायाशी लढावे, पण अन्यायी मान्यता आणि तिच्याशी जोडला गेलेला समाज यांत भेद करावा. दुसरा, आपल्या बाजूच्या द्वेषाचे बळ घेऊ नये. तिसरा, शाळा, शेत आणि माग अशा ठिकाणी लोकांना एकत्र कामाला लावावे. कारण सहवासाने जो विकल्प जातो, तो उपदेशाने क्वचितच जातो. परधर्मीयांची निंदा न करणे हे साधकाचे पहिले पाऊल आहे. आपल्यासमोर कोणी ती करीत असता तिला मान न डोलावणे, हे त्यापुढचे आणि अधिक अवघड पाऊल होय. १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन पाळताना वासनिकांनी आणि उपदेशी बंधुभगिनींनी याचा अवश्य विचार करावा.