ट्रान्झिस्टरचा बॉस: नोबेल मिळालं, पण माणसं टिकली नाहीत

आपल्या आजोबांच्या काळात रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायचे. पण त्याच्या पोटातला खरा ट्रान्झिस्टर घडला तो एका शास्त्रज्ञाच्या दुखावलेल्या अहंकारातून. त्यांचं नाव विल्यम शॉकली.

१९१० साली लंडनमध्ये जन्म, बालपण कॅलिफोर्नियात, मग अमेरिकेतल्याच बेल लॅब्जमध्ये नोकरी. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांच्याच टीममधल्या जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जगातला पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉकली बॉस, पण त्या पेटंटवर त्यांचं नाव नव्हतं. हे त्यांना चांगलंच झोंबलं.

मग ते जिद्दीला पेटले आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांना नवा आराखडा सुचला. सँडविचसारखे तीन थर. बाहेरचे दोन एमिटर आणि कलेक्टर, मधला अगदी पातळ थर म्हणजे बेस. बेसला दिलेला छोटासा करंट एमिटर-कलेक्टरमधला मोठा करंट कमी-जास्त करतो. यालाच अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. बेस जितका पातळ, तितके जास्त इलेक्ट्रॉन वाटेत न अडकता पार होतात.

पण मेख इथंच आहे. बेसचा स्वतःचा करंट याच पातळ थरातून आडवा आत शिरतो. वाट अरुंद झाली की अडथळा वाढतो, जसं बारीक नळीतून पाणी कमी येतं. हाच बेस रेझिस्टन्स. तो वाढला की वरच्या फ्रिक्वेन्सीला अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतो आणि खरखरही वाढते. त्यामुळे बेस पातळ ठेवून रेझिस्टन्स आटोक्यात ठेवायची कसरत इंजिनिअर लोकांना आजही चुकलेली नाही.

१९५१ मध्ये बेल लॅब्जनं हा जंक्शन ट्रान्झिस्टर जगासमोर आणला. १९५६ चं नोबेल शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन या तिघांना मिळालं. त्याच वर्षी शॉकलींनी माउंटन व्ह्यूमध्ये स्वतःची लॅब थाटली. हुशार पोरं निवडून आणली, पण विश्वास कुणावरच ठेवला नाही. वैतागून १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. त्यातल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल सुरू केली.

शॉकलींची कंपनी मात्र चाललीच नाही. पुढं ते कृष्णवर्णीयांची बुद्धी जन्मतःच कमी असते, असा वर्णद्वेषी दावा जाहीरपणे करू लागले. शास्त्रज्ञांनी त्यांना फटकारलं, मित्र तुटले. १९८९ मध्ये ते गेले तेव्हा पत्नी सोडली तर जवळची बहुतेक माणसं दुरावलेली होती.

सिलिकॉन व्हॅलीत सिलिकॉन आणलं शॉकलींनी, पण व्हॅली मोठी केली त्यांना सोडून गेलेल्यांनी.