पगार सोडून शिष्य घडवायला निघालेला कवी

साल १९१७. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली, प्रकृती तोळामासा. अशा वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या टिळकांच्या आयुष्यातील हा शेवटचा आणि सर्वांत धाडसी प्रयोग. कवितेच्या प्रभावळीत तो काहीसा झाकोळला गेला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचा स्वभाव कडक, आई मायाळू. आईच्या निधनानंतर पोरवयातच त्यांनी घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादन केले, 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. धर्मात सुधारणा हवी, जातिभेद जावा, हा ध्यास तेव्हापासूनच होता.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. आप्तांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन सुमारे साडेचार वर्षे दूर राहिल्या.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही टिळकांची कर्मभूमी ठरली. तेथील मिशनच्या सेमिनरीत भावी धर्मोपदेशकांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. वर्गात बसणारी बरीचशी मुले खेड्यापाड्यांतील, दलित समाजातून आलेली. ती परक्या चालीवरची गाणी आणि परक्या वळणाची भाषा घेऊन बाहेर पडली, तर गावात त्यांचे कोण ऐकणार, हा टिळकांपुढचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी प्रार्थनेत ओवी आणि अभंग आणला, उपदेशाला कीर्तनाची बैठक दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. नव्या शिष्यांनीही त्याच वाटेने यावे, असे त्यांना वाटे.

त्यांचे खरे विद्यालय मात्र घरच होते. दारी आलेला विन्मुख जाणे त्यांना ठाऊक नव्हते. संसाराची ओढाताण नित्याची, तरी पानावर एखादा पाहुणा वाढलेला असेच. बालकवी ठोंबरे यांनाही या घराने काही काळ मायेचा आसरा दिला. लक्ष्मीबाई परतल्या तेव्हा सोवळेओवळे सोबत घेऊनच आल्या होत्या. टिळकांनी सक्ती केली नाही, वाट पाहिली. १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने पुढे प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि 'स्मृतिचित्रे'सारखे आत्मचरित्र मराठीला दिले.

वेतन, पद आणि परदेशी पैसा यांवर उभी राहिलेली मंडळी नोकर घडवते, शिष्य नव्हे, हे शल्य टिळकांना अखेरपर्यंत बोचत राहिले. 'देवाचा दरबार' हे त्यावरचे त्यांचे उत्तर होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताचे शिष्यत्व आणि परस्परांशी बंधुभाव. चर्चमधील पुष्कळांना ही मोकळीक मानवणारी नव्हती. बाहेरच्यांना त्यात धर्मांतराचा नवा डाव दिसणे स्वाभाविक होते. टिळकांची वाट दोहोंच्या मधली, म्हणूनच एकाकी होती.

काळाने सवड दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दोन वर्षांचा दरबार प्रवर्तकाच्या पश्चात टिकू शकला नाही. ज्याने आयुष्यभर माणसे घडवली, त्याला आपल्या मागे धुरा वाहणारी फळी उभी करायला उसंत मिळू नये, हा दैवदुर्विलासच.

तरी पेरलेले वाया गेले नाही. त्यांचे चरित्रकार जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापून भारतीय वळणाच्या आश्रमजीवनाचा मार्ग धरला. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायन' महाकाव्याचे बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत'मध्ये आजही टिळकांची शेकडो पदे आहेत. रविवारच्या उपासनेत ती गाणाऱ्या अनेकांना दरबाराचे नाव ठाऊक नसेल; पण टिळकांनी दिलेली मराठी प्रार्थना त्यांच्या ओठी आहे.