बिबळ्यांचा पुणेकर मास्तर : दामू धोत्रे



यंदा पाचवी ते सातवीच्या मुलांना आम्ही ‘आमच्या घरातील मुका सोबती’ हा विषय निबंधासाठी दिला होता. वह्यांमध्ये पोपट निघाले, मांजरी निघाल्या, एका घरची गाय निघाली, पण निम्म्याहून अधिक निबंध कुत्र्यांवर होते आणि त्यांतही जर्मन शेफर्डच्या पिल्लांचा भरणा होता. आपल्याकडची वडील मंडळी या जातीला अजून अल्सेशियनच म्हणतात. पूर्वी बंगल्याच्या फाटकापाशी दिसणारा हा कुत्रा आता देवासच्या आणि धारच्या गल्ल्यांमधून, दोन खोल्यांच्या घरांतूनही दिसू लागला आहे.

त्यातला एक निबंध आमच्या मनातून जाईना. धारच्या एका मुलाने लिहिले होते की त्याच्या घरी अडीच महिन्यांचे पिल्लू आहे. ते घरात शू करते, चपला कुरतडते, म्हणून बाबा त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारतात. आता बाबांची स्कूटर गल्लीत वळल्याचा आवाज आला, की पिल्लू पलंगाखाली जाऊन बसते. शू अजूनही घरातच करते, फक्त आता पलंगाखाली करते. हे वाचून आम्हाला आधी हसू आले. मग वाटले, मार खाऊन हे पिल्लू काय शिकले? मार देणाऱ्याच्या नजरेआड राहायचे, एवढेच.

म्हणून या अंकातील चरित्रासाठी आम्ही नेहमीचे नाव न घेता सर्कशीतल्या एका माणसाचे नाव घेत आहोत. पवार घराण्यातील कर्तबगार पुरुष, संत, शास्त्रज्ञ यांच्यानंतर वाघ-बिबळ्यांच्या पिंजऱ्यात शिरणारा गडी या पानावर पाहून विश्वस्त मंडळींपैकी कुणाच्या भुवया वर जातील, याची आम्हाला कल्पना आहे. पण शिकवणे म्हणजे काय, हे ज्यांनी जिवावरची जोखीम घेऊन शोधले, त्यांत दामू धोत्रे यांचे स्थान फार वरचे आहे.

दामू गंगाराम धोत्रे यांचा जन्म १९०२ साली पुण्यात एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे मामा तुकाराम गणपत शेलार हे सर्कशीचे मालक होते. आज मुलांना नवल वाटेल, पण हिंदुस्थानी सर्कस ही मराठी माणसाने उभी केलेली गोष्ट आहे. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे घोडे शिकवण्यात पटाईत होते. त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपली ग्रेट इंडियन सर्कस सुरू केली आणि त्यांच्या पाठोपाठ देवल, कार्लेकर, शेलार अशा कितीतरी मराठी सर्कशी गावोगाव तंबू ठोकू लागल्या. त्या काळी सर्कस आली म्हणजे गावात जत्राच भरायची. मामांच्या तंबूत पाऊल टाकलेला छोटा दामू तिथेच रमला आणि वयाच्या साधारण दहाव्या वर्षी मामांच्या सर्कशीत दाखल झाला.

मामांची सर्कस म्हणून लाड झाले असतील असे कुणी समजू नये. सर्कशीत पोराला सगळेच करावे लागते. कसरती, सायकलवरचे खेळ, दोरीवरचे खेळ, आणि खेळ संपला की जनावरांची उस्तवार. आमच्या मते या उस्तवारीतच त्यांचे खरे शिक्षण झाले असावे. पिंजरा झाडताना, पाणी ठेवताना, मांसाचा वाटा टाकताना जनावर जसे कळते, तसे ते रिंगणातल्या झगमगाटात कळत नाही. कोणते जनावर खाताना गुरगुरते, कोणते पाठीमागून आलेल्या माणसाला बिचकते, कोणते शेजाऱ्याचा घास हिसकावते, हे रोज पाहणाऱ्यालाच ठाऊक होते. पुढे धोत्रे यांचा जो लौकिक झाला, तो प्रत्येक जनावराचा स्वभाव वेगळा ओळखण्याबद्दल.

त्या काळी जनावर शिकवण्याच्या दोन रीती होत्या. जुनी रीत भीतीची. चाबूक, लोखंडी सळई, उपासमार. अशा जनावरांचा खेळ म्हणजे प्रत्यक्षात पळापळ असे. वाघ उडी मारी ती मागच्या चटक्यापासून सुटण्यासाठी. दुसरी रीत जर्मनीत हाम्बुर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकांपुढे आणली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जनावराने केलेल्या योग्य हालचालीला लगेच खाऊ मिळाला, तर ती हालचाल ते पुन्हा आपणहून करते. याच सुमारास अमेरिकेत थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ मांजरांना पेटीत ठेवून नेमके हेच तपासत होते आणि त्यांनी १८९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्धही केले. प्रयोगशाळेतल्या पंडिताला आणि तंबूतल्या माणसाला एकाच वेळी एकच गोष्ट सापडावी, ही आम्हाला मोठी मौजेची बाब वाटते.

धोत्रे या दुसऱ्या रीतीचे होते. आता बिबळ्याला स्टुलावर बसायला कसे शिकवतात ते पाहू, कारण या लेखाचा जीव तिथे आहे. पहिले काही दिवस शिकवायचे नाव काढायचे नाही. माणसाने पिंजऱ्याबाहेर बसायचे, हलक्या आवाजात जनावराचे नाव घ्यायचे, काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा तुकडा द्यायचा. नाव आणि घास यांची जोडी मनात पक्की झाली की मग आत स्टूल ठेवायचे. जनावर स्टुलाकडे नुसते वळले, तरी तुकडा. जवळ गेले, पुन्हा तुकडा. पुढचा पंजा वर ठेवला, तुकडा. कधीतरी ते पूर्ण वर चढते, आणि त्या क्षणी चुकता कामा नये. तुकडा उशिरा मिळाला तर जनावर समजते की खाली उतरल्याचे बक्षीस आहे. असे करत करत एका स्टुलाला दिवसच्या दिवस जातात, आणि पूर्ण खेळ बसायला महिने लागतात. एखाद्या दिवशी जनावराचा रागरंग बरा नसेल तर सोपे काहीतरी करून घ्यायचे, घास द्यायचा आणि धडा थांबवायचा.

चाबूक हातात असतोच, पण तो लांब केलेल्या हातासारखा. इकडे ये, तिकडे हो, असे दाखवायला. आमच्यातल्या काहींनी लहानपणी मैदानावर पाहिलेल्या सर्कशीत तो कडाड वाजायचा, तेव्हा आम्ही समजत होतो की वाघाला फटका बसला. तो आवाज बहुधा आम्हा तिकीटवाल्यांसाठी असावा.

बिबळे हे धोत्रे यांचे खास जनावर. सिंह कळपात राहणारा, बिबळ्या एकटा राहणारा. तो चपळ आहे, कुठेही चढतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याचा बेत चटकन कळत नाही. अशा बिबळ्यांना एकत्र, आपापल्या जागेवर शांत बसवणे हे फार थोड्यांना जमले. काळा बिबळ्या खांद्यावर घेतलेले फेटेवाले दामू धोत्रे ही प्रतिमा पुढे परदेशात प्रसिद्ध झाली.

मामांच्या सर्कशीनंतर ते इसाको यांच्या रशियन सर्कशीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपात पोहोचले. तिथे त्यांची गाठ फ्रान्सच्या आल्फ्रेड कोर्ट यांच्याशी पडली. कोर्ट हे त्या काळचे जनावरे शिकवणाऱ्यांतले मोठे नाव. त्यांच्या खेळात वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि त्यांच्या जोडीला कुत्रे एकाच रिंगणात असत. तेही घास आणि सबुरी यांवर विश्वास ठेवणारे, त्यामुळे दोघांचे जमले. युरोप युद्धात होरपळू लागला तेव्हा, १९४० मध्ये, कोर्ट आपली जनावरे आणि माणसे घेऊन अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या जगातल्या सर्वांत मोठ्या सर्कशीत आले. त्यांच्याबरोबर धोत्रेही आले. पुण्यातल्या गरीब घरातला मुलगा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो प्रेक्षकांपुढे बिबळ्यांचा मास्तर म्हणून उभा राहिला. युद्धकाळात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. नंतर पुन्हा सर्कशीत आणि पुन्हा युरोपात, अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. अखेर दम्याने गाठले आणि ते मायदेशी परतले. १९६१ मध्ये त्यांचे आत्मकथन अमेरिकेत इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाले. मराठीत ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या नावाने त्यांची कहाणी भानू शिरधनकर यांनी शब्दबद्ध केली आहे. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मुलांपासून लपवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. कितीही प्रेमाने शिकवले तरी वाघ पिंजऱ्यातच राहत होता, आणि त्याचे आयुष्य मालगाडीच्या डब्यात व तंबूमागे जात होते. सगळ्याच सर्कशींत धोत्रे नव्हते, हेही खरे. भारत सरकारने १९९८ मध्ये अधिसूचना काढून वाघ, सिंह, बिबळे, अस्वले व माकडे यांना खेळासाठी शिकवण्यास व दाखवण्यास बंदी केली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. ही बंदी आम्हाला पटते. धोत्रे यांच्याबद्दलचा आदरही तेवढाच आहे. दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात.

आता पुन्हा धारच्या पलंगाखाली जाऊ. तिथे लपलेले पिल्लू बिबळ्या नाही, ही त्या घराची केवढी सोय आहे! बिबळ्या माणसाला फार तर सहन करतो. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने वाढला आहे. त्यातही ही जात मुळात मेंढपाळाची. जर्मनीत १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानित्स या घोडदळातील अधिकाऱ्याने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधून ती निवडून काढली. दिवसभर धन्याच्या खुणेकडे डोळे लावून बसायचे आणि कळप हाकायचा, हे या कुत्र्याच्या रक्तात आहे. त्याला काही काम दिले नाही तर तो मुलांच्या टाचांमागे धावतो, त्यांना एका कोपऱ्यात गोळा करतो. तक्रार करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. तो वाह्यात झालेला नाही, त्याला मेंढ्या सापडलेल्या नाहीत.

घरात शू करणाऱ्या पिल्लाचे काय करावे, हेही धोत्रे यांच्या रीतीने पाहता येते. अडीच महिन्यांच्या पिल्लाला दोन-अडीच तासांपलीकडे लघवी धरून ठेवता येत नाही. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर लगेच त्याला उचलून अंगणातल्या ठरलेल्या जागी न्यावे, गप्प उभे राहावे. त्याने तिथे कार्यभाग उरकला की त्याच क्षणी, घरात परतल्यावर नव्हे, भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. घरात झाले तर न बोलता पुसून टाकावे. नाक घासणे, मागाहून मारणे यांचा उपयोग नाही, कारण मघाच्या शूचा आणि आताच्या फटक्याचा संबंध त्याला लावता येत नाही. त्याला एवढेच दिसते, की हा माणूस कधी कधी विनाकारण मारतो.

बसायला शिकवायचे तर तुकडा त्याच्या नाकापासून डोक्यावरून हळूच मागे न्यावा. नजर वर जाते, मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला की तुकडा. पाच मिनिटे पुरेत, आणि दिवसातून तीनदा. घरातल्या सगळ्यांनी शब्द मात्र एकच वापरावा. आजीने बस म्हणायचे, दादाने सिट म्हणायचे आणि बाबांनी बैठ म्हणायचे, हा आपल्या माळव्यातल्या तिभाषी घरांचा नेहमीचा गोंधळ आहे. माणसांचे त्यात चालून जाते, पिल्लू बिचारे बावचळते. आणि वैशाखात हे सारे सकाळी सातच्या आत उरकावे. या जातीचे केस दुहेरी थराचे असतात, आपल्याकडचा उन्हाळा त्यांना सोसत नाही.

निबंध लिहिणाऱ्या त्या मुलाला आम्ही बोलावून घेतले आणि विचारले, की बाबांच्या ऐवजी शिकवण्याचे काम तू घेशील का? त्याने विचार करून सांगितले की बाबांनाच शिकवायला लावावे, कारण पिल्लू त्यांना घाबरते, आपल्याला नाही. मुलगा आमच्या पुढे गेला म्हणायचा! मग असे ठरले की संध्याकाळचे खाणे रोज बाबांनीच द्यायचे. स्कूटर लावायची, जमिनीवर बसायचे, हाक मारायची नाही, वाटी जवळ ठेवायची आणि वाट पाहायची. पहिल्या दिवशी ती वाटी पलंगाच्या अगदी कडेशी न्यावी लागली. चौथ्या दिवशी, मुलाने सांगितल्याप्रमाणे, नाक बाहेर आले. बाबांचे पाय मात्र मांडी घालून आखडले होते.

अंक छापायला जाताना ते पिल्लू चौथ्या महिन्यात आहे. या वयात दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि चावण्याला ऊत येतो. चपला महिना-दोन महिने मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवाव्यात आणि पिल्लाला थंड केलेले गाजर चावायला द्यावे.