दोशिशाचे नीजिमा

जपानमधील क्योतो हे शेकडो बौद्ध मंदिरांचे आणि शिंतो देवस्थानांचे शहर. सम्राटाचा जुना राजवाडा याच शहरात आहे. त्या राजवाड्याच्या उत्तरेस, शोकोकुजी या प्राचीन झेन मंदिराच्या अगदी शेजारी, दोशिशा हे ख्रिस्ती विद्यापीठ उभे आहे. ते तेथे उभे राहावे हेच मुळी आश्चर्य. ते घडवून आणणारे जोसेफ हार्डी नीजिमा यांचे आयुष्य त्याहून विलक्षण होते.

नीजिमा यांचा जन्म १८४३ साली एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, एका सामुराई घराण्यात झाला. वडील संस्थानच्या चाकरीत लेखनिक होते. तरुण नीजिमा डच भाषा आणि नौकानयन शिकले. चिनी भाषेतील काही पुस्तकांतून अमेरिकेची आणि ख्रिस्ती धर्माची ओळख झाली आणि देशाबाहेर पडण्याची ओढ लागली. त्या काळी परवानगीवाचून परदेशी जाणाऱ्यास देहदंड होता. तरीही १८६४ च्या उन्हाळ्यात, रात्रीच्या अंधारात, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी हाकोदाते बंदरातून अमेरिकी जहाज गाठले. वाटेत आपली तलवार कप्तानाला आठ डॉलरना विकून त्यांनी चिनी भाषेतील नवा करार विकत घेतला. सामुराईने शस्त्र विकून ग्रंथ घेणे ही त्या जपानात साधी गोष्ट नव्हती.

बॉस्टनमध्ये जहाजाचे मालक आल्फियस हार्डी यांनी त्यांना मुलाप्रमाणे सांभाळले. १८७० साली ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेऊन नीजिमा पुढे अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात दाखल झाले. १८७२ मध्ये इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिकेत आले, तेव्हा दुभाष्या म्हणून त्यांनी युरोपातील शाळा आणि विद्यापीठेही पाहिली. कायद्याने गुन्हेगार ठरलेला तरुण सरकारच्या शिक्षणविषयक पाहणीत सहभागी झाला होता. १८७४ साली रटलंड येथील मिशनच्या सभेत त्यांनी जपानमध्ये ख्रिस्ती विद्यालय काढण्यासाठी मदतीची याचना केली. सभेत सुमारे पाच हजार डॉलरची आश्वासने मिळाली. सभेनंतर एका वृद्ध शेतकऱ्याने परतीच्या गाडीभाड्याचे दोन डॉलर त्यांच्या हाती ठेवले. या दोन डॉलरची आठवण नीजिमा यांना जन्मभर राहिली.

२९ नोव्हेंबर १८७५ रोजी क्योतोत भाड्याच्या घरात शाळा सुरू झाली. विद्यार्थी आठ, शिक्षक दोन. शाळेसाठी जागा दिली ती यामामोतो काकुमा या अंध विद्वानाने. पुरोहितवर्गाचा विरोध प्रखर होता. शाळेत बायबल शिकवायचे नाही, या अटीवरच परवानगी टिकली. त्यामुळे बायबलचा वर्ग शाळेबाहेर, खासगी घरात भरू लागला. यामामोतो यांची बहीण याए हिच्याशी नीजिमा यांचा विवाह झाला. आइझूच्या वेढ्यात हाती बंदूक घेऊन लढलेली ही स्त्री पतीच्या बरोबरीने वावरे. हे पाहून काही विद्यार्थी तिची टवाळी करीत. नव्या विचारांच्या तरुणांनाही घरातली नवी रीत पचत नसे, हे काही केवळ जपानचेच वैशिष्ट्य नव्हे!

१८७६ मध्ये कुमामोतोहून बुद्धिमान आणि तितक्याच हट्टी तरुणांचा एक गट दोशिशात आला. शिकवण्यात त्यांना उणिवा दिसत आणि ते त्या उघडपणे बोलून दाखवीत. नीजिमा यांनी त्यांना दडपले नाही. ते विद्यार्थ्यांनाच काय, शाळेच्या शिपायालाही आदरार्थी नावाने हाक मारीत.

या स्वभावाची कसोटी १८८० च्या एप्रिलमध्ये लागली. शिक्षकांच्या तुटवड्यामुळे दोन तुकड्या एकत्र करण्यात आल्या आणि वरच्या तुकडीने वर्गांवर बहिष्कार टाकला. नियम मोडणाऱ्यांना शासन झालेच पाहिजे, असे इतर विद्यार्थी म्हणू लागले. शिक्षा केली तर मुले दुरावणार. न केली तर नियम पोकळ ठरणार. १३ एप्रिलच्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी नीजिमा उभे राहिले. दोष ना विद्यार्थ्यांचा, ना शिक्षकांचा, तो मुख्य म्हणून आपला आहे, असे सांगून ते हातातील छडीने स्वतःच्याच डाव्या तळहातावर प्रहार करू लागले. छडी मोडली तरी ते थांबेनात. अखेर एका विद्यार्थ्याने पुढे होऊन त्यांना आवरले. तिचे तुकडे दोशिशाने आजही जपून ठेवले आहेत. या प्रसंगाने सारे मिटले असे मात्र नाही. तोकुतोमी सोहो यांच्यासारखे काही विद्यार्थी त्यानंतरही पदवी न घेताच निघून गेले.

प्रार्थनेइतकीच सेवाही शिक्षणाचा भाग असावी, असा नीजिमा यांचा आग्रह होता. १८८७ मध्ये दोशिशाचे रुग्णालय आणि परिचारिका विद्यालय सुरू झाले. तेथे अमेरिकेच्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका लिंडा रिचर्ड्‌स शिकवीत. १८८८ साली पदवीधर झालेले तोमेओका कोसुके होक्काइदोच्या तुरुंगात कैद्यांचे धर्मोपदेशक झाले आणि १८९९ मध्ये त्यांनी वाट चुकलेल्या मुलांसाठी तुरुंगाऐवजी घरासारखी शाळा काढली. दोशिशात शिकलेले यामामुरो गुनपेई साल्व्हेशन आर्मीचे पहिले जपानी अधिकारी झाले.

शाळेचे विद्यापीठ व्हावे यासाठी नीजिमा यांनी १८८८ साली देशभर आवाहन केले. हृदयविकाराने शरीर पोखरले असतानाही ते निधीसाठी फिरत राहिले. या धावपळीतच त्यांनी अंथरूण धरले आणि २३ जानेवारी १८९० रोजी ओइसो येथे, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतंत्र बुद्धीच्या विद्यार्थ्यांना बंधनात जखडू नये, संस्था यंत्रवत होऊ नये, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवून ठेवली. ते मृत्युपत्र लिहून घेणारे होते तोकुतोमी सोहो, दहा वर्षांपूर्वी दोशिशा सोडून गेलेला तोच विद्यार्थी.

क्योतोच्या न्याकुओजी टेकडीवर विद्यार्थ्यांनी आपल्या खांद्यांवरून त्यांची शवपेटी नेली. विद्यापीठाचा कायदेशीर दर्जा दोशिशाला १९२० साली मिळाला. याए यांनी पुढे दोन युद्धांत जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. १९३२ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच टेकडीवर, पतीच्या शेजारी त्यांचे दफन झाले.